कडक इस्त्री करूनही चुण्या का राहतात?

प्रश्न थोडक्यात असा. नोकरीसाठी एकटे राहायला लागल्यापासून तुम्ही कपड्यांना घरीच इस्त्री करता. बटण शेवटपर्यंत फिरवून, अंगातला सगळा जोर लावूनही सुती शर्टाच्या चुण्या जात नाहीत, कॉलरला पोचे पडतात, आणि काळी पँट मात्र मांडीवर चकाकायला लागली आहे. हँगरवर लटकवून वाफ मारायचं यंत्र घ्यावं का, आणि बहिणीच्या लग्नात आई नेसणार आहे त्या पैठणीला घरी इस्त्री करायची हिंमत करावी का, हेही विचारलंय.

आमचं नाशिकला इस्त्रीचं दुकान आहे. जातीनं परीट. वडील गोदावरीवर कपडे धुवायचे आणि संध्याकाळी पितळी कोळशाच्या इस्त्रीवर बसायचे. त्या इस्त्रीचं वजन निखाऱ्यांसकट सहा-सात किलो भरायचं. मी विजेच्या इस्त्रीवर आलो त्याला तीस वर्षं होत आली. तुमच्या प्रश्नातलं 'जोर लावून' हे वाचलं आणि दुखणं कुठं आहे ते कळलं. तुम्ही वाळून खडखडीत झालेल्या शर्टावर इस्त्री घासताय.

चुणी सुटते ती पाण्यानं. सुती धागा म्हणजे सेल्युलोजच्या लांबलचक साखळ्या, आणि त्या एकमेकींना हायड्रोजनच्या कच्च्या बंधांनी धरून असतात. पाणी आत शिरलं की हे बंध सुटतात, साखळ्या मोकळ्या होऊन सरकतात. पाणी उडालं की त्या क्षणी जशा असतील तशा पुन्हा एकमेकींना धरतात. पिळलेला शर्ट तसाच वाळला तर पीळ धरतात, सपाट वाळला तर सपाट राहतात. घाम येतो, त्यावर आपण खुर्चीत टेकून बसतो आणि पाठीवर घड्या पडतात, त्याचंही कारण तेच. इस्त्री काय करते? ओल आणि दाब एकत्र आणते आणि तासाभराचं वाळणं चार सेकंदांत उरकते. ओलच नसेल तर इस्त्रीला उरकायला काही नसतं. मग माणूस बटण आणखी फिरवतो, शर्ट पिवळा पडतो आणि चुणी जागची हलत नाही.

म्हणून आमच्याकडे आदल्या कामाला जास्त मान आहे. वडील दुपारी कपड्यांवर पाणी मारायचे. तांब्यात हात बुडवायचा आणि बोटं झटकायची, थेंब जोंधळ्याएवढे पडले पाहिजेत. मग प्रत्येक कपडा घट्ट गुंडाळून एकावर एक रचायचा आणि वरून ओलं फडकं टाकायचं. अर्ध्या तासात ओल धाग्याधाग्यात सारखी पसरते. आता फवाऱ्याची बाटली आहे, पण तिच्या बाबतीत सगळे एकच चूक करतात. फवारा मारला की लगेच इस्त्री. थेंब वरच्यावर असतात, ते चर्र करून उडून जातात आणि आतला धागा कोरडाच राहतो. फवारा मारा, गुंडाळा, चहा करून प्या आणि मग सुरुवात करा. त्याहून सोपं म्हणजे शर्ट दोरीवरून थोडा दमट असतानाच काढायचा. हाताला गार लागला पाहिजे, पण ओला लागता कामा नये. लिननचा असेल तर याला पर्यायच नाही. लिनन पूर्ण वाळू दिलं की त्याच्याशी कुस्ती खेळत बसावं लागतं.

त्याच्याही आधी मशीन. ते कोंबून भरू नका, ढोल अर्धा-पाऊण भरला की पुरे. सुती शर्टांना शेवटचं पिळणं हजार-बाराशे फेऱ्यांचं नको, सहाशेच्या आसपास ठेवा. थोडं पाणी गळेल, गळू द्या. मशीन थांबलं की लगेच कपडे काढा, कारण दोन तास गोळा होऊन पडलेल्या शर्टात सगळ्या चुण्या बसून जातात. काढला की खांदे धरून दोनदा जोरात झटकायचा, फटाक असा आवाज आला पाहिजे. कॉलर, काजपट्टी, कफ हातानं ओढून सरळ करायचे आणि हँगरवर वाळत घालायचा. चिमटा लावायचाच झाला तर खालच्या कडेला. एवढं केलंत तर इस्त्रीला निम्मंच काम उरतं. गिऱ्हाइकाला मी हे सांगत नाही, सांगितलं तर माझं दुकान कसं चालायचं?

आता प्रत्यक्ष शर्ट. घरातली इस्त्रीची फळी बहुतेक वेळा फार मऊ असते आणि तिच्यावरचा कपडा पातळ. जमिनीवर किंवा टेबलावर जुनी घोंगडी चौपदरी करा आणि वर धुतलेली सुती चादर ताणून घाला. पायजमा किंवा चादर अशी सरळ कापडं दाबायला याच्यासारखी जागा नाही. खाली स्पंज किंवा फोम नको.

सुरुवात कॉलरनं. आधी कॉलरची खालची बाजू, मग वरची. टोकाकडून मध्याकडे यायचं, दोन्हीकडून. मध्यातून टोकाकडे गेलात तर जादा कापड टोकाशी गोळा होतं आणि तिथं बारीक चुणी चिरडली जाते. ती मग दिवसभर समोरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर. तुम्ही म्हणता ते पोचे दोन कारणांनी येतात. एक तर हे उलट्या दिशेनं ढकलणं. दुसरं म्हणजे आतलं बकरम, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारं अस्तर. आजकालच्या शर्टात ते गरम करून चिकटवलेलं असतं. ते कापडापासून सुटलं किंवा कापडाहून वेगळं आकसलं की कॉलरला फुगे येतात. नुकतंच सुटलेलं असेल तर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री दहा सेकंद न हलवता दाबून धरा, उचला, पुढच्या जागी ठेवा. कधी कधी पुन्हा चिकटतं. जुनं झालं असेल तर नाही चिकटत. शिंप्याकडून कॉलर बदलून घ्या.

कॉलरनंतर खांद्याची पट्टी, मग कफ, तेही आतल्या बाजूनं आधी. मग बाही. शिवण शिवणीवर बसवून हातानं सपाट करायची आणि मगच इस्त्री ठेवायची. इथं डावा हात काम करतो, उजव्या हातात नुसतं वजन असतं. नवीन पोऱ्या दुकानात आला की मी पहिले चार दिवस त्याला इस्त्रीला हात लावू देत नाही. नुसते शर्ट पसरायला लावतो. डाव्या तळव्यानं कापड पुढे सारत, शिवणीपाशी चिमटीत हलकंसं ओढत जायचं. ज्याला पसरता येतं त्याला इस्त्री आपोआप येते. बाहीनंतर बटणपट्टीचा पुढा, मग पाठ, मग काजपट्टीचा पुढा. बटणांच्या मधून इस्त्रीचं टोक फिरवा, बटणावरून नको. सगळ्यात मोठे भाग शेवटी ठेवायचे, म्हणजे लहान भाग करताना ते चुरगळत नाहीत.

आणि इस्त्री उभ्या धाग्याच्या दिशेनं न्या. तिरकी ओढली तर दमट कापड ताणतं आणि भोगळं होतं, मग शर्टाची एक बाजू दुसरीपेक्षा लांब दिसायला लागते. चुणी दिसली की तिच्यावर मागेपुढे रगडायचं नाही. ओलं बोट फिरवायचं, इस्त्री ठेवायची, दोन सेकंद थांबायचं आणि उचलायची. चिकाटी हातात लागते, खांद्यात नाही.

झाल्यावर लगेच अंगात घालू नका, घडीही घालू नका. हँगरवर पाच मिनिटं राहू द्या. कापड गरम असतं, आत थोडी वाफ असते, आणि साखळ्या अजून पक्क्या धरलेल्या नसतात. गरम शर्ट घालून स्कूटरवर बसलात की पाठीला नव्या चुण्या पडणारच, आणि त्याही इस्त्रीनं बसवल्यासारख्या पक्क्या. लोक म्हणतात, 'तुमची इस्त्री टिकत नाही.' टिकेल कशी, थंड व्हायला वेळच दिला नाही.

आता तुमची काळी पँट. ती बहुधा पॉलिस्टरमिश्रित आहे, आणि पॉलिस्टरचा स्वभाव सुताच्या उलटा. सुती कापड नेहमीच्या हवेत स्वतःच्या वजनाच्या 7-8 टक्के पाणी धरून असतं, लोकर त्याच्या दुप्पट. पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून ते घामानं चुरगळत नाही, पण पाण्यानं त्याची चुणी सुटतही नाही. ते वळतं उष्णतेनं. साधारण 70-80 अंशांना पॉलिस्टर मऊ पडतं आणि थंड होताना असेल त्या आकारात बसतं. गरम पाण्यात धुऊन लगेच जोरात पिळलं की बसलेली घडी सहजी जात नाही. तेव्हा पॉलिस्टर गार किंवा कोमट पाण्यातच धुवा. इस्त्री मध्यम ठेवा आणि इस्त्री व कापड यांच्या मध्ये ओलं फडकं घ्या. 250-260 अंशांच्या आसपास ते वितळतं, पण त्याच्या बरंच आधी पृष्ठभागावरचे धागे चपटे होतात, आणि त्या चपट्या धाग्यांवरून उजेड परततो. तीच चकाकी. गडद रंगावर ती ओरडून दिसते, पांढऱ्यावरही असते पण कळत नाही.

ती घालवायला पँट उलटी करा. पांढरं व्हिनेगर एक भाग, पाणी दोन भाग, त्यात फडकं बुडवून घट्ट पिळून चकाकीच्या जागी ठेवा, वर इस्त्री टेकवून नुसती वाफ घ्या, दाबू नका. मग लगेच सरळ करून मऊ ब्रशनं धागे उठवा. लोकरीच्या पँटवर बराच फरक पडतो. पॉलिस्टर खरोखर वितळून चपटं झालं असेल तर ते तसंच राहणार. यापुढे गडद कापड नेहमी उलट्या बाजूनं करा. क्रीज तेवढी सरळ बाजूनं, आणि तीही मलमलच्या फडक्यावरून. क्रीजसाठी पायाच्या दोन्ही शिवणी एकमेकींवर आणा, आतली-बाहेरची जुळली की पुढची घडी आपसूक जागेवर येते. जुन्या क्रीजशेजारी नवी पडली की रेल्वेचे रूळ दिसतात. ते घालवायला आधी ओल्या फडक्यानं जुनी मोडायची, मगच नवी घालायची.

कपड्याच्या आतल्या पट्टीवर इस्त्रीचं चित्र असतं, त्यातले ठिपके मोजा. एक ठिपका म्हणजे जेमतेम 110 अंश, नायलॉन आणि ॲक्रिलिकसाठी. दोन म्हणजे 150, रेशीम, लोकर, पॉलिस्टर. तीन म्हणजे 200, सुती आणि लिनन. इस्त्री लवकर तापते पण निवायला वेळ घेते, म्हणून ढिगातले एका ठिपक्याचे कपडे आधी आणि सुती शेवटी. व्हिस्कोस-रेयॉनचे कुर्ते पाण्यात कमजोर होतात आणि ताणले की तसेच राहतात. ते उलट्या बाजूनं, हलक्या हातानं, न ओढता. मखमलीवर इस्त्री टेकवायचीच नाही, मागून वाफ द्यायची.

हे सगळं ऐकून शिकलो असतो तर बरं झालं असतं. सतराव्या वर्षी मी एका बाईंच्या जॉर्जेटच्या ओढणीवर सुती शर्टाची इस्त्री ठेवली होती. टिकल्या प्लास्टिकच्या होत्या. आवाज काही आला नाही, नुसता गोडसर जळका वास, आणि इस्त्री उचलली तर ओढणीही सोबत उचलली गेली. वडिलांनी एक शब्द न बोलता गिऱ्हाइकाला पैसे दिले. नंतर इस्त्रीच्या तळाला चिकटलेलं प्लास्टिक मला लाकडी पट्टीनं खरवडायला लावलं. इस्त्री कोमट ठेवून, लाकडानंच, कधीही सुरीनं नाही. जळकी खळ, म्हणजे स्टार्च, चिकटली असेल तर थंड इस्त्रीवर खाण्याच्या सोड्याचा लगदा ओल्या फडक्यानं चोळा. साध्या लोखंडी तळाला कागदावर मीठ पसरून कोमट इस्त्री फिरवतात, पण नॉनस्टिक तळावर ते करू नका, ओरखडे पडतात.

एक गाऱ्हाणंही सांगून टाकतो. डागाळलेला कपडा इस्त्रीला टाकू नका. उसाचा रस किंवा सरबत सांडून वाळलं की काहीच दिसत नाही, पण साखर धाग्यात असते. इस्त्री लागली की ती करपते आणि तपकिरी डाग उगवतो. गिऱ्हाईक म्हणतं, 'तुम्ही जाळलात.' हळदीचे, चहाचे, घामाचे डागही उष्णतेनं पक्के होतात. आधी धुवा. पांढऱ्या सुती कपड्यावर इस्त्रीचा हलका पिवळा चटका बसला असेल तर 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड औषधाच्या दुकानात मिळतं, ते लावून उन्हात ठेवा. बरेचदा जातो. रेशमावर, लोकरीवर आणि खोलवर करपलेल्या कापडावर उपाय नाही.

पावसाळ्यात आणखी एक होतं. अर्धवट वाळलेल्या कपड्यावर इस्त्री फिरवून लोक तो कपाटात ठेवतात. वरून कोरडा, शिवणीत ओला. चार दिवसांत कुबट वास आणि आठवड्यात बुरशीचे काळे ठिपके. इस्त्री झाल्यावर जाड शिवण गालाला लावून बघा. गार लागली तर आत ओल आहे, पंख्याखाली टांगा.

'परीटघडी' म्हटलं की खळ आलीच. खादीचा कुर्ता, गांधी टोपी, सुती नऊवारी खळीशिवाय उभी राहत नाही. एक मोठा चमचा आरारूट वाटीभर गार पाण्यात कालवायचं, ते ढवळत ढवळत लिटरभर उकळत्या पाण्यात सोडायचं, काचेसारखं दिसायला लागलं की उतरवून गाळायचं. मग अर्ध्या बादलीत पातळ करून त्यात शेवटचं खंगाळायचं. साबुदाण्याची किंवा भाताच्या पेजेची खळही चालते, पण गाळायला विसरलात तर कणी इस्त्रीखाली करपते. खळीचे कपडे वर्षभर घडीत ठेवून देऊ नका, खळ म्हणजे कसरीला जेवण आहे. आणि रिंकल-फ्री लिहिलेल्या शर्टाला खळ नकोच. त्याच्या धाग्यांतल्या साखळ्या कारखान्यातच रसायनानं एकमेकींना बांधलेल्या असतात. तो झटकून हँगरवर वाळवला की कोमट इस्त्री पुरते. फक्त तो शर्ट साध्या सुतीपेक्षा लवकर विरतो, हे धरून चाला.

वाफेचं यंत्र घ्यावं का? तुमच्याकडे नव्वद टक्के सुती शर्ट असतील तर नको. त्यात ओल आहे, उष्णता आहे, पण दाब नाही. लोकरीचा कोट, व्हिस्कोसचा कुर्ता, जॉर्जेट, भरतकामाचा ड्रेस यांना ते फार चांगलं. सुती कॉलर त्यानं कधी ताठ होत नाही. प्रवासात गरम पाण्याच्या वाफेनं भरलेल्या न्हाणीघरात कपडा टांगायचा उपाय लोक करतात, त्याचंही तसंच, लोकर सुधारते आणि सुती शर्ट नुसता दमट होतो. त्या पैशात थोडी जड वाफेची इस्त्री घ्या. तिच्यात बोअरचं पाणी घालू नका, क्षार साठून छिद्रं बुजतात आणि एक दिवस पांढऱ्या शर्टावर तपकिरी पाणी थुंकते. काम झालं की उरलेलं पाणी ओतून टाका. आमच्या वडिलांच्या लहानपणी तर गावाकडं पितळी तांब्यात निखारे घालून शाळेच्या सदऱ्यावर फिरवायचे आणि चड्डी रात्री गादीखाली ठेवायचे. गादीखालची युक्ती अजून चालते, कपडा किंचित दमट असेल तर.

राहिली पैठणी. ती येवल्याची, हातमागाची आणि रेशमी असेल तर घरी करता येते, घाबरू नका, पण नियम मोडू नका. पहिला नियम, फवारा मारायचा नाही. रेशमावर थेंब पडला की त्याची कड उमटते आणि मग ती साडी सगळीच ओली करावी लागते. दुसरा, काठा-पदरातली जर, म्हणजे सोनेरी-चंदेरी धागा, बघून घ्या. काठाच्या आतल्या टोकाचा सुटा धागा काढून पाहा. तांब्याची किंवा चांदीची तार असेल तर इस्त्री सोसते. चकचकीत प्लास्टिकची पट्टी असेल तर ती आकसून पदर गोळा होईल, ती साडी दुकानातच द्या. तिसरा, फळीवर धुतलेली चादर, त्यावर साडी उलटी, वर कोरडा मलमलचा तुकडा, इस्त्री दोन ठिपक्यांच्याही थोडी खाली. हातानं विणलेल्या पदरावरचे मोर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखेच दिसतात, त्यामुळे उलटी बाजू कुठली ते कळेना झालं तरी मलमल असल्यावर बिघडत नाही. चुणी हट्टी असेल तर दुसरं मलमल ओलं करून पूर्ण पिळा, इतकं की हाताला नुसतं गार लागेल, आणि ते कोरड्या मलमलवर ठेवून दाबा. काठ आणि पदर दाबायचे, घासायचे नाहीत. साडीचं अंग मोठ्या घडीत हलक्या हातानं.

आधी आतल्या काठाचा, निऱ्यांत जाणारा वीतभर तुकडा करून बघा. रंग, जर, चकाकी, सगळं जसंच्या तसं राहिलं तर पुढे जा. लग्नाच्या आदल्या रात्री नको, आठवडाभर आधी करा. आणि आईंना सांगा, झाल्यावर घडीच्या जागा बदलून सुती कापडात गुंडाळून ठेवा. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेली जर तिथंच तुटते, आणि त्यावर कुठल्याही परटाकडे इलाज नाही.